मुक्काम वर्ध्यात, न्याहारी किती वाजता?

वर्धा जिल्ह्यात मुक्कामाला येणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी काम घेऊन येतो. कोणी सेवाग्रामच्या आश्रमात दोन दिवस शांतपणे काढायला येतो, कोणी आपल्या माणसाला कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी मेघेच्या दवाखान्यात दाखवायला आणतो. कोणाला बोरच्या जंगलात वाघ बघायचा असतो, कोणाला हिंदी विद्यापीठात मुलीचा प्रवेश करायचा असतो. ही सगळी कामं सकाळी लवकर सुरू होतात. खोली ठरवताना मात्र आपण एसी आहे का, गरम पाणी येतं का, गाडी कुठे लावायची, हे सगळं विचारतो आणि नाश्त्याचा प्रश्न 'आहे ना?' एवढ्यावरच संपवतो.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, की तो प्रश्न तिथे संपवू नये. नाश्ता किती वाजता मिळतो, कोण करतं आणि तो आपल्या कामाला जुळतो का, यावर मुक्कामाचा निम्मा दिवस अवलंबून असतो. खोलीत आपण झोपलेलेच असतो. दिवस सुरू होतो तो न्याहारीपासून.

गांधीजींनी खोली कशी निवडली

वर्ध्याचा विषय आणि गांधीजींचं नाव नाही असं होत नाही. इथे तर त्यांचा अनुभव थेट या विषयावरचाच आहे. 1888 मध्ये कायदा शिकायला ते लंडनला गेले, तेव्हा सुरुवातीला व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले. बिल तीन पौंड झालं आणि पोट मात्र रिकामंच राहिलं. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवला, तर दोन्हींचे पैसे द्यावे लागले, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. पुढे ते एका मित्राकडे राहिले. तिथे सकाळी ओटची लापशी मिळे, तिने पोट भरे. पण दुपारी आणि रात्री उपासमारच. मांस न खाण्याचा शब्द आईला दिलेला, आणि भाज्या उकडून बेचव केलेल्या. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं तेव्हा कुठे ते पोटभर जेवले.

शेवटी त्यांनी हिशेब मांडला. दोन खोल्या सोडून एकच खोली घेतली, एक स्टोव्ह घेतला आणि सकाळची लापशी व कोको खोलीतच करायला सुरुवात केली. त्याला वीस मिनिटंही लागत नसत. दुपारचं जेवण बाहेर, रात्री ब्रेड आणि कोको. रोजचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. त्याआधी दोन खोल्या घेतानाही त्या कामाच्या ठिकाणाहून पायी अर्ध्या तासावर असाव्यात, हे त्यांनी पाहिलं होतं. जागा, चालण्याचं अंतर आणि सकाळचं खाणं या तीन गोष्टी धरून केलेल्या या निवडी होत्या.

त्यांच्या आयुष्यातली याच्या अगदी उलट गोष्टही सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना डोकेदुखीचा त्रास होता. मँचेस्टरमध्ये न्याहारी न करणाऱ्यांची एक मंडळी स्थापन झाल्याचं त्यांनी वाचलं. लोक फार वेळा आणि फार खातात, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. ते आपल्यालाही लागू पडतं असं वाटून गांधीजींनी सकाळचं खाणं सोडलं. काही दिवस जड गेले आणि डोकेदुखी थांबली, असं ते सांगतात. म्हणजे एकाच माणसाने एका वयात न्याहारीसाठी स्टोव्ह विकत घेतला आणि दुसऱ्या वयात न्याहारीच बंद केली. दोन्ही वेळा त्यांनी आपलं काम, आपलं शरीर आणि आपला खिसा पाहिला. मुक्काम ठरवताना आपल्यालाही नेमकं हेच करायचं आहे.

भाड्यात काय धरलेलं असतं

हॉटेलचं आरक्षण करताना भाड्यापुढे काही अक्षरं दिसतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि दोनपैकी एक जेवण. एपी म्हणजे नाश्त्यासह दोन्ही जेवणं. जंगलाजवळच्या रिसॉर्टमध्ये बहुतेक वेळा एपी असतं, कारण आसपास दुसरीकडे खायची सोय नसते. शहरातल्या लॉजमध्ये बहुधा ईपी असतं.

यात फायदा कशात आहे हे साध्या बेरजेने कळतं. समजा नुसत्या खोलीचे 1,200 रुपये आणि नाश्त्यासह 1,600 रुपये. दोघांसाठी फरक 400 रुपयांचा, म्हणजे माणशी 200. समजा लॉजच्या खाली पोहे आणि चहा माणशी 60 रुपयांत मिळतो. मग शहरात, निवांत वेळ असलेल्या दोघांनी नुसती खोली घेणंच शहाणपणाचं. पण हाच मुक्काम शहराबाहेर असेल, सोबत सत्तरीची आई असेल, नाश्त्यासाठी ऑटो करून जावं लागणार असेल, तर तेच 400 रुपये सत्कारणी लागतात. मुलांचा नाश्ता भाड्यात धरला आहे का आणि जादा गादी घेतलेल्या माणसाला तो मिळतो का, हे आधीच विचारावं. बिलावरून वाद होतो तो बहुधा इथेच.

चार मुक्काम, चार सकाळी

वर्ध्यातल्या मुक्कामाचे ढोबळ चार प्रकार पडतात आणि चारही ठिकाणी न्याहारीची गरज वेगळी असते.

पहिला मुक्काम सेवाग्राम-पवनारचा. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी तेव्हाच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. 1940 मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. वर्धा शहरापासून ते साधारण आठ किलोमीटरवर आहे. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास हे सगळं पायी फिरून बघायचं. पहाटेच्या प्रार्थनेला बसायचं असेल तर आश्रमासमोरच्या यात्री निवासासारखी साधी जागाच बरी. शहरातून त्या वेळी निघणं अवघड पडतं. तिथून पवनारला, धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमात जायचं, तर तेही सकाळीच. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दहानंतर उघड्यावर फिरणं म्हणजे आजाराला निमंत्रण. ज्या हॉटेलात नाश्ता साडेआठला सुरू होतो, तिथून माणूस निघेपर्यंत साडेनऊ होतात आणि दिवसातले चांगले तीन तास गेलेले असतात. उन्हाळ्यात सातला न्याहारी देणारी साधी जागा ही नऊला वीस पदार्थ मांडणाऱ्या जागेपेक्षा कितीतरी चांगली.

दुसरा मुक्काम दवाखान्याचा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीपासून थेट तेलंगणा आणि मध्य प्रदेशातून माणसं इथे येतात. चिठ्ठी काढायला सकाळी लवकर रांगेत लागावं लागतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर रात्रीपासून किमान आठ तास काही खाल्लेलं चालत नाही. मग खाल्ल्यानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं असतं. या दोन नमुन्यांच्या मधल्या वेळेत पेशंटला न्याहारी मिळालीच पाहिजे, आणि ती त्याला झेपेल अशी हवी. लॉजमधून डब्यात मऊ खिचडी, दलिया किंवा कमी तिखटाचा उपमा भरून मिळतो का, थर्मासमध्ये दूध किंवा गरम पाणी देतात का, हे अशा वेळी एसीपेक्षा मोठे प्रश्न आहेत.

पेशंटसोबतच्या नातेवाइकाचाही विचार व्हावा. रात्रभर बाकावर बसलेला माणूस सकाळी औषधं आणायला, रिपोर्ट घ्यायला पळत असतो आणि स्वतःचं खाणं विसरतो. दुपारी तोच चक्कर येऊन बसतो. दवाखान्याजवळ खोली घेणाऱ्याने आपल्या न्याहारीची वेळही ठरवून घ्यावी.

तिसरा मुक्काम बोरचा. सेलू तालुक्यात हिंगणीजवळ असलेल्या बोर अभयारण्याला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे 138 चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातल्या सर्वात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. सफारी उजाडता उजाडता सुरू होते. त्या वेळी कुठल्याही रिसॉर्टचा नाश्ता मांडलेला नसतो. म्हणून विचारायचं ते असं, की निघताना चहा-बिस्कीट मिळेल का आणि परत येईपर्यंत नाश्ता ठेवाल का, की डबा बांधून द्याल? नुसतं 'नाश्ता समाविष्ट' वाचून गेलेला माणूस सफारीहून साडेदहाला परततो, तेव्हा नाश्त्याची वेळ संपलेली असते आणि पैसे मात्र भाड्यात गेलेले असतात.

चौथा मुक्काम रेल्वेचा. मुंबईहून रात्रभर धावणाऱ्या गाड्या पहाटे किंवा सकाळी वर्ध्याला येतात. खोली दुपारी बाराला मिळणार असेल, तर मधले तास काढायचे कुठे? चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देणारे लॉज इथे उपयोगी पडतात. लवकर पोचणाऱ्याला त्या दिवशीची न्याहारी मिळते की दुसऱ्या दिवशीची, हेही विचारून घ्यावं. परीक्षा किंवा मुलाखतीला आलेल्या मुलांसाठी तर हा प्रश्न फार मोठा असतो, कारण नऊला केंद्रावर पोचायचं असतं आणि घाईत काहीतरी तळलेलं खाल्लं की तीन तास पोट धरून बसावं लागतं.

शरीर काय मागतं

न्याहारी म्हणजे दिवसातलं सर्वात महत्त्वाचं खाणं, असं आपण ऐकत आलो. शास्त्र याबाबत जास्त सावध आहे. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी 13 चाचण्या एकत्र तपासून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडला, की न्याहारी केल्याने वजन कमी होतं याला भक्कम पुरावा मिळत नाही. धडधाकट माणसाने एखाद्या दिवशी सकाळी खाल्लं नाही तर बिघडत नाही. यकृतात साखरेचा साठा असतो, तो रात्रभर पुरतो. तो कमी झाला की शरीर दुसऱ्या मार्गाने साखर तयार करतं.

पण सगळेच प्रवासी धडधाकट नसतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने औषध घेतलं आणि खाणं लांबलं, तर रक्तातली साखर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी न्याहारीची वेळ पक्की नसलेली जागा घेऊच नये. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांनाही हेच लागू आहे.

तर्री पोह्यांची प्लेट

आता खाण्याकडे येऊ. वर्ध्यात सकाळी कुठल्याही चौकात जा, पोह्यांची गाडी लागलेली असते. हळदीचे पिवळे पोहे मोठ्या पातेल्यात वाफेवर ठेवलेले, शेजारी दुसऱ्या भांड्यात तर्री. रात्री भिजवलेला काळा हरभरा शिजवायचा, कांदा-लसूण-आल्याचं वाटण आणि गरम मसाला तेलात परतायचा, लाल तिखट घालून रस्सा उकळायचा; वर तेलाचा लालभडक तवंग येतो. प्लेटमध्ये पोहे, त्यावर पळीभर तर्री हरभऱ्यासकट, मग चिरलेला कांदा, चिवडा किंवा शेव, सांबार (हिरवी कोथिंबीर, विदर्भात तिला सांबार म्हणतात) आणि लिंबाची फोड. शेजारी आलूबोंडा तळत असतो, तोही तर्रीत बुडवूनच खायचा.

ही चवीची गोष्ट आहेच, पण तिच्यात पोषणाचं शहाणपणही आहे. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिनं सुमारे 7 ग्रॅम, तर तेवढ्याच हरभऱ्यात सुमारे 19 ग्रॅम. हरभऱ्याच्या चोथ्यामुळे पोह्यांची साखर रक्तात हळू चढते आणि भूकही उशिरा लागते. म्हणून तर्री मागताना तवंग कमी आणि हरभरा जास्त मागावा. तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळ्या वाटीत घ्यावी. प्रवासात आणि उन्हात रिकाम्या पोटी झणझणीत तेल घेणं सगळ्यांना मानवत नाही.

पोहे ताजे आहेत की नाही हे प्लेटवरून लगेच ओळखता येतं. ताजे पोहे बोटांत मऊ लागतात आणि सुटे असतात. पातेल्याच्या कडेचे पोहे कोरडे, चिवट झालेले दिसले आणि वरून पुन्हा पाण्याचा हबका मारलेला कळला, तर ते सकाळचेच पण फार वेळ ठेवलेले आहेत असं समजावं.

हॉटेलच्या नाश्त्यात हा पदार्थ बहुधा तर्रीशिवाय, नुसत्या कांदेपोह्यांच्या रूपात येतो. सोबत इडली, ब्रेड-बटर, कॉर्नफ्लेक्स. त्यात वाईट काही नाही. पण वर्ध्याला येऊन वर्ध्याचं काही खाल्लं नाही, तर तो मुक्काम अपुराच राहिला असं मला वाटतं. ज्वारीच्या कण्या आणि ताक, उन्हाळ्यात आंबील, गरम भाकर आणि ठेचा, जाताना घरी न्यायला गोरसपाकाची बिस्किटं, असं किती काही इथे आहे. 1935 मध्ये वर्ध्यातल्या मगनवाडीत राहताना गांधीजींनी तिथल्या मंडळींच्या ताटात सोयाबीन आणलं होतं. आज तेच सोयाबीन जिल्ह्याच्या शेतांत कापसाच्या जोडीने उभं असतं. याच मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल आणि ताडगूळ यांसाठी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं. आहाराचा एवढा विचार झालेल्या जिल्ह्यात पाहुण्याच्या ताटात फक्त पाकिटातलं खाणं यावं, हे बरं दिसत नाही.

स्वयंपाकघराकडे एक नजर

नाश्त्यावरून त्या जागेच्या स्वच्छतेचा अंदाज बांधता येतो. चादर पांढरी करणं सोपं असतं. रोज पहाटे स्वयंपाकघर स्वच्छ ठेवायला शिस्त लागते. काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला हवा. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर राहायला हवेत, म्हणजे झाकण उघडताच वाफ दिसली पाहिजे. इडलीसोबतचं कोमट सांबार आणि कोमट पोहे घेऊ नयेत. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात बाहेर ठेवली की काही तासांत आंबते, तिचा वास घेऊनच ती वाढून घ्यावी. कापलेली फळं झाकलेली असावीत. छापील वर्तमानपत्राच्या कागदावर खाणं देणं नियमाने बंद आहे, कारण शाई अन्नात उतरते. पाणी कुठलं वापरता, हे विचारायला लाजू नये.

यजमानांना चार शब्द

ज्यांच्याकडे घरात एक-दोन खोल्या मोकळ्या आहेत, त्यांच्यासाठी हा व्यवसाय करण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्यांची घरं नोंदवता येतात, मालक त्याच घरात राहत असावा लागतो. राज्याच्या पर्यटन विभागाचीही निवास व न्याहारी योजना आहे. कोकणातल्या कितीतरी कुटुंबांनी तिच्या जोरावर घर चालवलं. 2020 पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आहे. वर्ध्यात बोरच्या वाटेवरची गावं, सेवाग्राम-पवनारचा परिसर आणि वायगाव हळदीचा समुद्रपूर तालुका इथे याला वाव आहे. पाहुण्याला संगमरवरी फरशी नको असते. त्याला सहाला चहा, सातला गरम न्याहारी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि म्हाताऱ्यासाठी मऊ भात हवा असतो. घरची बाई जे रोज करते तेच पाहुण्याला द्यायचं, फक्त वेळ पाळायची आणि त्या बाईच्या कष्टाचे पैसे तिच्याच हातात द्यायचे.

वाचकांना एवढंच सांगणं, की वर्ध्याला यायचं ठरलं तर खोली घेण्याआधी एक फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: सकाळी सर्वात लवकर न्याहारी किती वाजता मिळेल? ती इथेच होते की बाहेरून येते? आणि लवकर निघायचं असेल तर डबा बांधून द्याल का? समोरचा माणूस तिन्हींची उत्तरं न अडखळता देत असेल, तर खोली साधी असली तरी खुशाल घ्या.